माझं गोंदलेलं डोकं आणि आबांचा मोतीबिंदू

माणसाचं नशीब कपाळावर लिहिलेलं असतं म्हणतात. माझं त्याच्या चार बोटं वर, टाळूवर लिहिलं गेलं, आणि ते सटवाईनं नव्हे, मी स्वतः पैसे देऊन लिहून घेतलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी डोकं दाखवून केलं.

कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या एका फोटो स्टुडिओत मी रिटचिंगचं काम करत होतो. हे काम आता कुणाला सांगून कळत नाही. तेव्हा कॉम्प्युटर आलेला नव्हता. फोटो धुऊन, वाळून आला की त्यावरचे डाग, मुरमं, देवीचे वण हातानं बुजवायचे. त्यासाठी एक बारीक ब्रश असायचा. तो जिभेवर ओला करून टोकदार करायचा, शाईत बुडवायचा आणि ठिपका ठिपका देत जायचं. लग्नाच्या स्थळासाठी फोटो काढायला येणाऱ्या पोरांची विरळ डोकी हा माझा खास प्रांत. त्यात एक युक्ती होती. केस म्हणून रेघ ओढायची नाही. रेघ ओढली की बघणाऱ्याला कळतं. नुसते ठिपके द्यायचे, मग बघणाऱ्याचा डोळा आपणच त्याचे केस करतो. आमचे मालक गिऱ्हाइकाला सांगायचे, "ह्येच्या हाताखालनं टकला गेला तर झिपऱ्या हून भाईर येतोय." पेठेतली आणि पेठेबाहेरची किती लग्नं मी ठिपक्यांवर जमवली असतील! त्यातल्या काही बायका पुढं रस्त्यात भेटल्या की माझ्याकडं रागानं बघायच्या, असं मला उगाच वाटायचं. चोराच्या मनात चांदणं.

आता आमच्या घराण्याविषयी. आम्ही कोडोलीचे, शेती आणि दोन म्हशी. गावात आमच्या घराला 'टकल्यांचं घर' म्हणत आणि नवा पोस्टमन आला तरी त्याला हाच पत्ता सांगत. आज्याला टक्कल, आबांना म्हणजे माझ्या वडिलांना टक्कल, चुलत्याला टक्कल. आबांच्या टकलावर डाव्या कानाच्या वर जुन्या रुपयाएवढा एक पांढरट, गुळगुळीत वण होता. बैलानं शिंग मारलं, असं ते सांगत. लहानपणी मी त्या बैलाविषयी खूप विचारायचो आणि दर वेळी बैलाचा रंग बदलायचा, पण बापाला खोटं कोण पाडणार? आबा माझ्या केसांतून बोटं फिरवून आईला म्हणायचे, "ह्येचं ऱ्हातंय बघ. ह्येचं तुज्या माह्यारावर गेलंय." एवढं बोलताना त्यांचा आवाज इतका खूश असायचा की मला ते केस माझे नसून त्यांचे वाटायचे.

चोविसाव्या वर्षी ते जायला लागले. सव्विसाव्या वर्षी पुढचं सगळं मैदान मोकळं झालं. बाजूला आणि मागं दाट, मधे काही नाही. कांद्याचा रस झाला, अंड्याचा बलक झाला. केस आले नाहीत, वास मात्र महिनाभर गेला नाही. अशात आजऱ्याचं एक स्थळ आलं. मुलीकडच्यांनी फोटो मागितला. फोटो मीच काढवून घेतला, मीच रिटच केला, आणि खरं सांगतो, माझ्या हातून एवढं सुंदर काम पुन्हा कधी झालं नाही. मुलीकडच्यांना फोटो पसंत पडला. महिन्यानं बघायला या, असा निरोप आला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता फोटोसारखं दिसावं लागणार.

चैत्राचे दिवस होते. जोतिबाच्या यात्रेला गेलो, तर रस्त्याच्या कडेला एक गोंदणारा ताडपत्री बांधून बसलेला. बॅटरीवरची मशीन, पुढं नमुन्यांचा फळा. विंचू, नाग, बदाम, देवांची नावं. मशीन कातडीवर टुक टुक करत काळा ठिपका उठवत होती. मी उभा राहून बघतच राहिलो. हे तर माझंच काम! मी कागदावर करतो, हा कातडीवर करतो, एवढाच फरक.

इथं वाचणारा म्हणेल, अरे शहाण्या, गोंदण हिरवं पडतं हे तुला ठाऊक नव्हतं? माझ्या आईच्या कपाळावर गोंदण होतं, हातांवर होतं, हनुवटीवर होतं, आणि ते सगळं हिरवं होतं. सव्वीस वर्षं मी ते बघत आलो होतो. पण मी म्हटलं, ते झाडपाल्याचं आणि काजळीचं, सुईनं टोचलेलं. हे मशीनचं आहे. अडाणी माणूस चुकला असता तर कुणाला तरी विचारून चुकला असता. मी शिकलेला होतो, मी कुणालाच विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी घरी दोन आरसे समोरासमोर धरून मी बॉलपेननं स्वतःच्या डोक्यावर केसांची हद्द आखली आणि तिसऱ्या दिवशी ताडपत्रीखाली जाऊन बसलो. गोंदणारा दचकला. म्हणाला, "पावणं, हातावर काढलंय, दंडावर काढलंय, छातीवर बी काढलंय. डोस्क्यावर आजच पयल्यांदा. मधी देवाचं नाव तरी घालू काय?" मी म्हटलं, नुसते ठिपके. तो म्हणाला, "तुमचं डोस्कं, तुमची मर्जी." तीन तास तो टोचत होता आणि मी मनातल्या मनात त्याच्या आई-बापाचा उद्धार करत होतो. यात्रेकरू थांबून बघत. एका म्हातारीनं मला नमस्कार केला. तिला वाटलं, मी कसला तरी कडक नवस फेडतोय.

खपल्या पडून गेल्यावर मी आरशात बघितलं. पाच-सहा फुटांवरून ठीक होतं. बारीक कापलेले केस वाटत होते. मात्र आरशात बघून आखल्यामुळं हद्द डावीकडं एक बोट खाली उतरली होती, तेव्हा मी मान जरा उजवीकडं कलती ठेवायची सवय केली. आजऱ्याला बघायला गेलो, तिथं दारातला उजेड पाठीमागून येईल अशी खुर्ची शोधून बसलो. उजेड कुठून घ्यायचा हे तर माझ्या धंद्यातलंच. लग्न ठरलं.

लग्नाच्या गडबडीत मी कोडोलीला गेलो, तेव्हा आबा घराच्या पुढच्या सोप्यात बसले होते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढायचा नाही, अशी तेव्हा सगळ्यांची समजूत, म्हणून ते तो पिकायची वाट बघत होते. माणूस त्यांना सावलीसारखा दिसायचा. मी वाकून पाया पडलो. त्यांनी डोळे बारीक केले, पुन्हा मोठे केले आणि एकदम ओरडले, "आरं, केस आलं की तुला!"

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगतो. पण त्यांचं तोंड असं फुललं होतं की माझ्या तोंडून निघालं, "व्हय आबा."

"कशानं रं?"

"त्याल लावतोय."

झालं. एक खोटं बोललं की त्याला पोसावं लागतं. आबांनी संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीत बातमी पोचवली की टकल्यांच्या घरात केस उगवले. पुढच्या खेपेला मी गेलो तेव्हा सोप्यात चुलत्यासकट सात टकली तेलासाठी वाट बघत बसलेली. काय करणार? खोबरेल तेलात माका घालून मी बाटल्या भरून न्यायला लागलो. पुढची कित्येक वर्षं मी दर महिन्याला कोडोलीला तेल पोचवलं. त्यातल्या एकाला कानाच्या मागं खरंच चार केस आले आणि माझी पंचाईत आणखी वाढली.

लग्नाला वर्ष होत आलं, तशी काळी शाई निळी दिसायला लागली आणि बघता बघता हिरवी झाली. बारीक ठिपके पसरून मोहरीएवढे झाले. एका रविवारी न्हाऊन आलो, बायको डोकं पुसत होती. म्हणाली, "अवो, तुमच्या डोस्क्यावर शेवाळ धरलंय."

मी सगळं कबूल केलं. तिला काहीच आश्चर्य वाटलं नाही. ती म्हणाली, "पोहं देताना मी वरनंच बगितलंतं. मला वाटलं मुंग्या चढल्यात. झटकून टाकणार हुतो." आमच्याकडच्या बायका 'हुतो'च म्हणतात.

"मग होकार कसा दिलास?"

"तुमी लई घाबरल्यालं दिसत हुतासा. म्हटलं, घाबरणारा बरा."

तिच्याशी लपवायचं काही उरलं नाही, हे बरं झालं. पण जगासाठी मी टोपी धरली. कापडी, गोल टोपी. स्टुडिओत, बाजारात, बसमध्ये, सगळीकडं. लोकांना वाटलं, फोटोच्या धंद्यातला माणूस आहे, जरा कलाकार असणार.

मग दुरुस्तीचं खूळ शिरलं. पुढच्या यात्रेत मी तोच गोंदणारा गाठला. भांडायलाच गेलो होतो. तो शांतपणे म्हणाला, "गोंदाण हिरवंच हुतंय की वो. तुमच्या आईनं सांगिटलं न्हाय?"  तो म्हणाला, हिरव्यावर कातडीचा रंग टोचला की ते झाकेल. त्यानं पांढऱ्यात पिवळा आणि लाल मिसळून काहीतरी कालवलं. सबंध डोकं द्यायची छाती झाली नाही, म्हणून डावीकडची खाली उतरलेली हद्द तेवढी झाकून घेतली. ती पांढरी पडली. कातडीसारखी नव्हे, चुन्यासारखी. बायकोनं आल्या आल्या बघितलं आणि म्हणाली, "हिरवा झाला, पांढरा झाला. आता केशरी तेवढा ऱ्हायला."

आमच्या कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याला मी विश्वासात घेतलं. तो दर महिन्याला दुकानाचं दार लोटून माझे बाजूचे केस कापायचा. त्यानं सांगितलं, खडे मीठ घासलं की गोंदण जातं. त्यानं डाव्या कानाच्या वर एका इंचात मीठ घासून बघितलं. गोंदण राहिलं, कातडी गेली. पंधरा दिवस मी उजव्या कुशीवर झोपलो. शेवटी काजूच्या टरफलाच्या तेलाचा विचार मनात आला. बायकोचं माहेर आजऱ्याचं, तिथं काजूच्या कारखान्यात तिची आई कामाला जायची. ते तेल अंगावर उडालं की कातडी सोलून निघते हे मला माहीत होतं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तर बायको पहिल्यांदाच माझ्यावर खरी चिडली. "माझ्या आईचं हात बगितल्यासा न्हवं? कातडं जातंय आन डाग ऱ्हातोय. आसलं काय केल्यासा तर मी आजऱ्याला जाणार बगा." तेलाचा नाद मी सोडला.

अशी सहा वर्षं टोपीखाली गेली. तशीच आणखी साठ गेली असती. पण एक दिवस आईचा फोन आला की आबांचा मोतीबिंदू पिकला आणि कोल्हापुरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात ऑपरेशनची तारीख ठरली. डॉक्टर म्हणाले होते, पट्टी सुटली की सुईत दोरा ओवाल. आई हे सांगताना आनंदानं रडत होती आणि मी डोक्यावरची टोपी चाचपत होतो.

कुणाला वाटेल, त्यात काय एवढं? बाप हसला असता आणि सोडून दिलं असतं. पण मला हसण्याची भीती नव्हतीच. आबा सहा वर्षं गावभर माझ्या केसांचा डंका वाजवत होते. ते खोटं ठरलं असतं, हे एक. आणि दुसरं, ते विचारणार की कशासाठी केलंस? त्याचं खरं उत्तर एकच होतं. मला त्यांच्यासारखं दिसायचं नव्हतं. हे बापाच्या तोंडावर कसं सांगायचं? त्यांना ते कळता कामा नये, बाकी काहीही झालं तरी चाललं असतं.

ऑपरेशनला आठ दिवस होते. मी कातडीच्या डॉक्टरकडं धावलो. त्यांनी भिंग लावून बघितलं. म्हणाले, मोठ्या शहरात लेसर आहे, पण दहा-दहा खेपा कराव्या लागतील आणि हिरवा रंग सहजासहजी जात नाही. मग भिंग बाजूला ठेवून म्हणाले, "अहो, बाजूचे केस आहेत म्हणून हे ठिपके डोळ्यात भरतात. सगळं डोकंच तासून टाका. तासलेलं डोकं जरा हिरवट दिसतंच. त्यात हे खपून जाईल."

मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. सहा वर्षं मी भलतीकडंच औषध लावत होतो. आजार म्हशीला आणि औषध पखालीला. उड्या मारत सलूनमध्ये गेलो आणि सांगितलं, कर गोटा. सलूनवाल्यानं कात्री खाली ठेवली.

"वडील हायत न्हवं?"

"हायत की."

"मग मी न्हाय हात लावणार. बाप जिता आसताना पोराचं डोस्कं? तुमी काय बी सांगा, पेठेत ऱ्हायचंय मला."

हे मी विसरलोच होतो. आमच्याकडं मुलाचं डोकं भादरतात ते बाप गेल्यावर. पेठेत अग्नी द्यायच्या आधीच करतात, आमच्या गावात दहाव्याला. एरवी देवाला केस दिले तर चालतं. तेव्हा मी दुसरं खोटं रचलं. आबांना सांगायचं की तुमच्या डोळ्यांसाठी बालाजीला केस बोललो होतो, ते ऑपरेशन झाल्याबरोबर उतरवून दिले. म्हणजे केसही गेले, अब्रूही राहिली, वर पुण्य. इतकं नामी खोटं मला सुचलं याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला होता. आज लाज वाटते.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सुटायची होती. सकाळी सहाला बायकोनं मोरीत बसवून माझं डोकं सेफ्टी रेझरनं साफ केलं. तिचा हात हलका होता. आरशात बघितलं, तर डॉक्टर म्हणाले तसंच. सबंध डोकं एकसारखं हिरवट-निळसर, जसं कुणाचंही तासलेलं डोकं असतं. डावीकडचा पांढरा तुकडा तेवढा जरा वेगळा. मी टोपी खुंटीला ठेवली आणि सहा वर्षांनी उघड्या डोक्यानं, हातात चहाचा थर्मास घेऊन पेठेतून निघालो. डोक्याला वारा लागत होता. इतकं बरं वाटत होतं की मी शीळ घालायच्या बेतात होतो.

तालमीच्या कट्ट्यावरची माणसं मला बघून उठून उभी राहिली.  एकानं येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला, दाबला आणि मान खाली घातली. किराणा दुकानदारानं दुकानाची एक फळी लावून घेतली. मला वाटलं, फुटबॉलची मॅच हरले असतील. आमच्या पेठेत मॅच हरली की असंच वातावरण असतं. मी पुढं गेलो.

मी वळल्यावर मागं काय झालं, ते मला नंतर कळलं. आबा काल दवाखान्यात भरती झालेत, हे सगळ्यांना माहीत होतं. आज पोराचं डोकं. आता यात विचारायचं काय राहिलं? उलट पेठ चिडली. "आमास्नी न सांगता उरकलं व्हय? परकं हाय काय आमी?" म्हणून दोघं-तिघं हार आणायला धावले, आणि एकानं बूथवर जाऊन कोडोलीच्या दुकानात फोन लावला की तुमचं म्हातारं गेलं.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा आई कॉटशेजारी बसली होती. माझं डोकं बघून ती किंचाळणारच होती, तेवढ्यात मी नवसाचं सांगितलं. ती मटकन खाली बसली आणि माझ्या तळहातांत तोंड लपवून रडायला लागली. डोळ्याला पट्टी बांधलेले आबा म्हणाले, "माझ्यासाठी केस दिलंस? सा वर्सं राखल्यालं?" आणि त्यांनी हात पुढं करून माझं डोकं चाचपलं. मला धरणी दुभंगली असती तर बरं वाटलं असतं.

डॉक्टर यायला तासभर लागला. ते आले आणि पट्टी सोडायला लागले, तोच बाहेर व्हरांड्यात हंबरडा फुटला. कोडोलीची माणसं टेंपो करून आली होती. पुढं चुलता, मागं आत्या, त्यांच्या मागं माझ्या तेलाची सात डोकी. आणि त्यांच्याबरोबर पेठेतली माणसं, हातात झेंडूचे हार. सगळा लोंढा नर्सला बाजूला सारून आत घुसला आणि कॉटवर ताठ बसलेल्या आबांना बघून जागच्या जागी थिजला. आत्याचा हंबरडा अर्ध्यावर राहिला. तो तसाच गिळायचा की पुरा करायचा, हे तिला कळेना.

आबांनी नव्या डोळ्यानं पहिल्यांदा जग बघितलं ते हे. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. शेवटी चुलता म्हणाला, "तू."

आबा मोठ्यानं हसले. "मग हार आणलाईसा ते घाला तरी!" सगळे हसले, डॉक्टरसुद्धा. मीही हसलो, आणि तेवढ्यात आबांनी मला जवळ बोलावलं. "हिकडं ये. बघू दे तुला. सा वर्सांत तोंड बगितलं न्हाय." मी पुढं वाकलो. त्यांनी माझं तोंड बघितलं, मग डोकं बघितलं. म्हैस विकत घेताना बघावं तसं कान धरून, उजेडाकडं वळवून बघितलं. डॉक्टरांनी सुईतला दोरा म्हटलं होतं, ते खोटं नव्हतं.

"केस देवाला दिलंस," ते सावकाश म्हणाले, "मग हे हिरवं काय ऱ्हायलंय? आन हितं चुना कसला?"

 मी तिसरं खोटं शोधलं. खरंच शोधलं. पण सापडलं नाही, आणि सापडलं असतं तरी त्या डोळ्यापुढं बोलता आलं नसतं.

"गोंदलंय, आबा. केस कवा आलंच न्हवतं."

मागून सात डोक्यांतलं एक म्हणालं, "मग त्याल?"

"खोबऱ्याचं."

आबांनी माझा कान सोडला. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "माझ्यावाणी दिसायची लाज वाटली व्हय तुला?"

"व्हय," मी म्हणालो. मला रडू आलं असतं तर सोपं गेलं असतं, पण आलं नाही. 

आबांचा हात आपोआप त्यांच्या डाव्या कानाच्या वरच्या वणावर गेला. आईकडं बघत ते म्हणाले, "ह्यो बैलानं मारल्याला न्हवं. तुला बघाय यायच्या आदी बिब्बा घातलाता. बिब्ब्यानं केस येत्यात म्हणून कोण तर सांगिटलंतं. कातडं सोलून निघालं. महिनाभर पटका काढला न्हाय मी." मग माझ्याकडं वळले. "मला बी माझ्या बापावाणी दिसायचं न्हवतं."

आई म्हणाली, "मला म्हाईत हाय. तुमच्या आईनं लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगिटलंतं." आबा थक्क होऊन तिच्याकडं बघत राहिले. चाळीस वर्षं त्यांनी बैल सांभाळला होता.

मग त्यांनी माझ्या गोट्यावर एक चापट मारली, जरा जोरातच. "आता आसंच ठेव. कोण काय म्हणलं तर सांग, बापानं सांगिटलंय. जिता बाप सांगतोय."

त्यानंतर मी टोपी घातली नाही. सलूनवाल्यानंही मग वस्तरा उचलला, पण आबांनी स्वतः दुकानात येऊन सांगितल्यावरच. मी महिन्यातून एकदा कोडोलीला जायचो, तेव्हा सोप्यात गावच्या न्हाव्यापुढं आम्ही दोघं शेजारी शेजारी बसायचो. माझं झालं की आबा तळहात फिरवून बघायचे आणि कुठं खरबरीत लागलं तर न्हाव्याला पुन्हा बसवायचे. तेलाची सात डोकी मात्र माझ्याशी वर्षभर बोलली नाहीत.

पुढं पाच-सहा वर्षांनी आबा गेले. या वेळी खरोखर गेले. पेठेतली माणसं दोनदा खात्री करून मग हार घेऊन आली.

आमच्याकडं सुतकात दहा दिवस वस्तरा लागत नाही. तिसऱ्या दिवसापासून माझ्या डोक्याच्या बाजूला खुंट यायला लागले आणि मधलं हिरवं पुन्हा उघडं पडलं, चुन्याच्या तुकड्यासकट. बायकोनं विचारलं, टोपी आणून देऊ का? मी नको म्हटलं. दहा दिवस अख्खं गाव भेटायला येत होतं आणि मी सोप्यात तसाच उघड्या डोक्यानं बसलो होतो. ज्यांनी ऐकलं होतं त्यांनी बघून घेतलं. ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांना चुलत्यानं सांगितलं. त्या दहा दिवसांत मला रडू आलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याचा चहा, सामान, नातेवाइकांचे रुसवे यातच मी होतो.

दहाव्याला नदीवर एका नव्याच न्हाव्यानं माझं डोकं ओलं केलं. ठिपक्यांकडं बघून त्यानं विचारलं, "ह्येच्यावरनं बी फिरवू?" मी म्हटलं, फिरव. अर्धं डोकं झालं असेल. मागं पायरीवर चुलता उभा होता. तो कुणाला तरी म्हणाला, "मागनं बघ जरा. आबाच बसल्यावाणी दिसतंय."

तेव्हा मात्र मला रडू कोसळलं. मी हमसून हमसून रडत होतो, आणि न्हावी माझा कान धरून "हालू नगा, कापंल" म्हणून दम देत होता.